शरयूताईचा संवाद

शरयूताई कुठेही बसली तरी दार दिसेल अशीच बसायची. "मागून कोणी आलेलं मला चालत नाही," म्हणायची आणि हसायची. ती स्वभावानंच भित्री असेल, असं मला वाटे.

आमची ओळख गिरीशच्या सिनेमामुळे झाली. गिरीश तिचा नवरा. बायकोवर संशय घेणाऱ्या माणसाची गोष्ट, पण लिहिलेला एकही संवाद नाही, नटांनी सुचेल ते बोलायचं, असा तो प्रायोगिक सिनेमा. दिग्दर्शक तो, नवऱ्याच्या भूमिकेतही तोच, बायको शरयूताई. साजगावातलं एक रिकामं घर घेतलं होतं. ध्वनिमुद्रण माझ्याकडे. सामान आणणाऱ्या टेंपोवाल्या मकबूलचाचांच्या गुडघ्यासाठी शरयूताई घरून तेल आणायची. गिरीश आला की मात्र बोलता बोलता गप्प व्हायची.

त्या दुपारी स्वयंपाकघरातला प्रसंग चालू होता. गिरीशनं विचारलं, "काल नेरळ स्टेशनवर कोणाशी बोलत होतीस?"

ठरलेल्या गोष्टीत नेरळ नव्हतंच.

"मावसभावाशी. सांगितलं होतं तुला."

"खोटं." त्यानं दाराला आतून कडी लावली. हेडफोनमध्ये त्याचा श्वास जड होत गेला. तिचा ऐकूच येईना. कॅमेरामन पुटपुटला, "काय करतायत दोघं, कमाल."

मग ती माझ्या हातातल्या माइककडे वळली.

"रेश्मा, ऐकू येतंय ना? हे सिनेमातलं नाही गं. घरीही हा असंच विचारतो, मग मारतो. मला भीती वाटतेय."

"चालू ठेवा," गिरीश म्हणाला.

मी माइक खाली ठेवला आणि कडी काढली. तो माझ्या अंगावर आला, तेव्हा कॅमेरामन कॅमेरा सोडून मध्ये उभा राहिला. बाहेर मकबूलचाचांनी आमचे चेहरे पाहिले. "बसा गं दोघी," एवढंच म्हणाले. "कुठं सोडायचं ते वाटेत सांगा. आता थांबायचं नाय."

शेलूला माझ्या घरी ती महिनाभर राहिली. जिन्यात पाऊल वाजलं की हातातला घास तसाच राहायचा. त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण माझ्याकडेच होतं. गिरीशचे निरोप येत होते: तो प्रसंग सिनेमात हवाच, इतका खरा अभिनय पुन्हा व्हायचा नाही. शरयूताई म्हणाली, "त्याला तो सिनेमासाठी हवाय. मला तक्रारीसाठी."

कोर्टात ते ध्वनिमुद्रण ऐकवलं, तेव्हा मी तिच्या शेजारी होते. तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. बाहेर आल्यावर तिनं ते सोडलं.

मग म्हणाली, "किती हळू बोलले गं मी. मला वाटत होतं, मी ओरडले होते."