आगगाडीची बसलेली शिट्टी

बायको जाऊन वर्ष व्हायला आलं. लोक म्हणतात, तिच्याविषयी काही चांगलं सांगा. चांगलं काय सांगू? ती आयुष्यभर मला चिडवत आली.

लग्नात तिनं भांड्यांबरोबर पत्र्याची एक खेळण्यातली आगगाडी आणली होती. तिचा बाप रेल्वेत रुळांवर कामाला होता. कुठल्याशा साहेबाच्या पोरानं टाकलेली जुनी गाडी त्यानं लेकीला आणून दिली होती. किल्ली दिली की चाकं फिरायची, पोटातला बोटाएवढा भाता दाबला जायचा आणि शिट्टी वाजायची. आमच्या उरवडे गावाला येईतो चाकं तेवढी फिरत होती. शिट्टी बंद.

दुसऱ्या वर्षी भात कापणीला आलं आणि तिच्या माहेराहून सांगावा आला, आईची नजर जात चाललीय. तिला लगेच जायचं होतं. मी म्हणालो, भात निघू दे, मग बघू. ती रडली नाही. गाडी माझ्यापुढं ठेवली.

"पैज लावता? कापणीच्या आत तुमच्या हातानं शिट्टी वाजवलीत तर मी गप इळा धरते. न्हाई वाजली तर मला आईकडं पोचवायचं."

"हॅ! पोरांचं खेळणं त्ये. आत्ता वाजवतो."

आम्हाला एकच इलाज ठाऊक. बैलगाडीचा आस कुरकुरला की वंगण, रहाट अडला की वंगण. मी शिट्टीत बोटभर वंगण कोंबलं आणि किल्ली दिली. म्हशीनं सुस्कारा टाकावा तसं फुस्स झालं.

ती गोठ्याकडं तोंड करून माझ्या आईला ओरडली, "आत्याबाई, या की! तुमच्या लेकानं इंजनाला पडसं आणलं!"

"बैलाला तरी नीट बघतो का त्यो?" आई तिकडूनच म्हणाली. दोघी एक झाल्या.

मग मी खिळ्यानं गाडीचं पोट उचकटलं, फुंकलं, आपटलं. शेवटी उंबऱ्यावर ठेवून दगड उचलला, तशी तिनं गाडी हिसकावली.

"ऱ्हाऊ द्या. जीव जाईल तिचा."

चुलीतली चाळलेली राख तिनं वंगणावर टाकली. राखेनं वंगण ओढून घेतलं. डोक्यातला एक केस उपटून शिट्टीच्या फटीतून ओढला. मग भात्यावर चिमूटभर राख भुरभुरली आणि किल्ली दिली. एका कोपऱ्यात राख उडाली. तिथं भात्याचं कातडं चिरलं होतं, वारा तिथून पळत होता. तिनं जुन्या लुगड्याची चिंधी बाभळीच्या डिंकानं तिथं चिकटवली आणि गाडी उन्हात ठेवली.

संध्याकाळी तिनंच किल्ली दिली. शिट्टी अशी किंचाळली की खुंट्याचं वासरू उडालं.

"वाजली!" मी नाचलोच. "चल आता, उद्यापास्नं इळा धर."

"कुणाच्या हातानं वाजली?"

मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "माझ्याकडं काय बघतोस? पोचवून ये तिला."

पहाटे निघालो. गाठोडं माझ्या डोक्यावर, गाडी तिच्या पदरात. कासारसाईच्या पल्याड तिचं माहेर, रुळांच्या कडेला. वाटेत मी म्हणालो, "खुळे, गप बसली असतीस तरी जितली असतीस. शिट्टी कशाला वाजवलीस?"

"जितले असते. पर आईला दावू काय? डोळं चाललंत तिचं. कान हायेत की."

मी गाठोडं सावरलं आणि पाय उचलला. डोक्यावर ओझं होतं, बरं झालं.

म्हातारी अंगणात बसली होती. आम्ही आल्याचं तिला कळलं नाही. बायकोनं पायरीवर गाडी ठेवून किल्ली दिली. शिट्टी वाजली तशी म्हातारी दचकली, मग हसली. "आलीस व्हय गं, दांडगे? अंगणात पाय ठेवताच गोंधळ!" आणि हात पुढं करून लेकीचं तोंड चाचपत बसली, हनुवटी, कान, कपाळ.

पैज पोचवण्यापुरती होती. दुसऱ्या दिवशी निघताना मीच म्हणालो, "ऱ्हा तुला वाटंल तवर. भात मी बघतो."

"पैज लावून सांगताय का?" ती म्हणाली.

"न्हाई. असंच."

भात मी आणि आईनं काढलं. शेजारी विचारायचे, बायकोला ऐन कापणीत कसं सोडलंस रं? मी सांगायचो, पैज हरलो. असंच सोडलं म्हणालो असतो तर गाव वर्षभर हसलं असतं.