दाराला बांधलेला लाल दोरा

गेबहार्ट फेत्सर म्हणजे आमच्या श्टुटगार्टच्या कार्यशाळेतला मुरलेला संशयी माणूस. घरी जिना झाडायची पाळी शेजाऱ्याची असली की हा नंतर पायरीवर बोट फिरवून धूळ बघणार. सगळं आयुष्य क्रँकशाफ्टवाल्या इंजिनांत गेलेलं. तिथे पिस्टन त्या फिरत्या दांड्याला जखडलेला, संध्याकाळी सोडाल तिथेच सकाळी सापडतो.

मग आमच्याकडे बिनक्रँकशाफ्टचं इंजिन आलं. एका बाजूला इंधनाचा भडका, दुसऱ्या बाजूला कोंडलेली हवा, मधे पिस्टन नुसता मागेपुढे धावतो. त्याच्यावरचे चुंबक तारांच्या वेटोळ्यातून जातात आणि वीज तयार होते. पण चुकीच्या जागेवरून सुटला, तर पिस्टन थेट झाकणावर आपटणार. म्हणून गेबहार्ट रोज जाताना तो मधोमध आणून खडूने खूण करायचा. आणि रोज सकाळी पिस्टन बोटभर सरकलेला!

"ही त्या ड्रागानाचीच करामत," तो मला म्हणाला. ड्रागाना नवी मेकॅनिक, नोकरी अजून कच्ची. इंजिनाच्या खोलीची दुसरी किल्ली तिच्याकडे असायची.

"तिला काय मिळणार त्यात?"

"माझी जागा! दुसरं काय?"

त्याने आमच्या वरिष्ठ एबिंगरबाईंचे कान भरले. ड्रागानाला ठेवायचं की काढायचं, हे शुक्रवारी ठरणार होतं. मला त्याचा इतका राग आला, की त्याच्या टेबलावर जेवायला बसणं मी सोडलं. पुरावा हवा म्हणून गुरुवारी त्याने कुलूप लावून कडीला लाल दोरा बांधला. ड्रागानाने ते पाहिलं.

शुक्रवारी सकाळी दोरा जसाच्या तसा. पिस्टन मात्र सरकलेला.

"खिडकीतून आली असेल."

"दुसऱ्या मजल्यावर? घार आहे का ती?" मी ओरडलेच.

त्याने दोरा कचऱ्यात टाकला, हवेच्या कप्प्यात हवा भरली आणि कडेला साबणाचं पाणी लावलं. बारीक बुडबुडे येऊ लागले. रात्रभर हवा झिरपायची, आणि मग चुंबक पिस्टनला वेटोळ्यातल्या लोखंडाकडे ओढून न्यायचे. गेबहार्ट तसाच साबणाच्या हातांनी एबिंगरबाईंकडे पळाला.

ड्रागानाची नोकरी पक्की झाली. संध्याकाळी तो तिच्यासाठी लोणी लावलेला ब्रेत्सेल, म्हणजे आमच्याकडचा गाठ मारलेला खारा पाव, घेऊन आला. "यापुढे मला तू म्हण. नुसतं गेबहार्ट म्हण." आमच्यात हे वडीलधाऱ्याने म्हणायचं असतं, आणि त्याला कुणी नाही म्हणत नाही.

ड्रागानाने ब्रेत्सेल घेतला, खोलीला कुलूप लावलं. मग कचऱ्यातून उचलून ठेवलेला तोच लाल दोरा खिशातून काढून कडीला घट्ट बांधला.

"फेत्सरसाहेब," ती म्हणाली, "तुम्ही एकदा बघून घ्या."