आमच्या गाडीचे मागचे दिवे

जुनी गाडी ठेवली की किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही, तेच आपल्या मागे लागतात. आमच्या वीस वर्षांच्या गाडीचे तर सगळे किस्से मागच्या दिव्यांचेच! तुम्ही हसाल. हसा. माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

* * *

सुरुवात आमच्या ह्यांनी केली. साधे बल्ब सुखाने जळत होते, पण ह्यांना एलईडी हवेत! "लांबून दिसतात गं." आमच्या बडोद्यातच, छाणीला भरतभाईंच्या गॅरेजमध्ये बसवले. पहिल्याच वळणावर इंडिकेटर वेड लागल्यासारखा फडफडायला लागला. एलईडीला वीज कमी लागते, म्हणून इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या जुन्या रिलेला वाटतं बल्बच उडालाय. हे मला नंतर कळलं. तेव्हा भरतभाई छाती फुगवून म्हणाले, "बेन, आ तो फास्ट मॉडेल छे!"

* * *

रिले बदलला, तर ह्यांना लुक हवा झाला. अलकापुरीतल्या एका दुकानातून दिव्यांवर काळी फिल्म चिकटवून आणली. दुसऱ्याच दिवशी सिग्नलला मागून रिक्षा आदळली! मी तणतणत उतरले. "ब्रेक लाइट दिसत नाही?"

रिक्षावाल्याने वाकून शोधला. "बेन, लाइट छे क्यां?"

घरी येऊन नखांनी फिल्म खरवडून काढली. हे हळहळले, "सगळा लुक गेला."

"आता तुमचा जाईल!"

* * *

त्या धडकेत डावा दिवा फुटला, म्हणून नवा घेतला. गाडी एकदाच धुतली आणि दिव्यात अर्धा पेला पाणी! दुकानदाराला नेऊन दाखवलं. तो मलाच रागावला. "तो धोवो छो शुं काम?" म्हणजे धुताच कशाला!

* * *

मग नवंच. ब्रेक दाबला की ब्रेक लाइटऐवजी इंडिकेटर मिणमिणायचा. भरतभाईंनी बल्ब बदलला, होल्डर बदलला, फ्यूज बदलला. मी दिवसभर स्टुलावर. शेवटी पत्र्याला जोडलेली अर्थची वायर गंजून तुटलेली सापडली. भरतभाई डिकीतूनच ओरडले, "बेन, आमां अर्थ ज नथी!"

"यात अर्थच नाही, हेच मी सकाळपासून सांगतेय!"

* * *

परवा करजणहून आत्याला भेटून बडोद्याला येत होते. एकटीच. संध्याकाळ झालेली, मागे एक ट्रक अगदी चिकटलेला! तेवढ्यात हायवेवर पोलिसाने हात केला. "बेन, पाछळनी लाइट बंध छे."

मागचा दिवा बंद? माझा तोल सुटला. "कालच गॅरेजमधून आणलीय! तुम्ही मागे उभे राहा, मी ब्रेक दाबते!"

बिचारा राहिला उभा. त्याने दिव्यावर एक बुक्की मारली, दिवा लागला! मी आभार मानायला उतरले, तर समोर त्याची मोटरसायकल. तिला मागे दिवाच नाही. नुसत्या दोन वायरी लोंबताहेत!

"साहेब, आणि हे काय?"

त्याने शांतपणे किक मारली.

"बेन, पोलिसनी पाछळ कोण लागे?"