गळकी मेमरी

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात मी सर्व्हर सांभाळायचो. सगळी डिझाइन्स त्याच्यावरच. दर आठ-दहा दिवसांनी तो मंदावायचा आणि बंद पडायचा. मी रीस्टार्ट करायचो. "सरांनी हात लावला की चालतो," असं डिझाइनवाले म्हणायचे. ऐकून बरं वाटायचं.

मग मोडनिंबची एक मुलगी माझ्या हाताखाली लागली. दुसऱ्याच महिन्यात म्हणाली, "सर, हितं बघा की. लॉगिन अर्ध्यात तुटलं की त्याच्यासाठी घेतलेली मेमरी सुटतच न्हाय. कुणी मुद्दाम अशी लॉगिनं करत बसलं तर मशीन आडवं करंल."

"रॅम कमी आहे. तू प्रिंटर बघ."

तिनं प्रिंटरही बघितला आणि फाईल शेअरिंगचा कोडही वाचला. चूक थेट ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यातच होती. तिनं ती कर्नल लिहिणाऱ्यांना कळवली. काही आठवड्यांनी दुरुस्ती आली. दोनच ओळींची, पण खाली शोधणारी म्हणून तिचं नाव. जगभर जाणाऱ्या कोडमध्ये! वर्षभर तीच चूक माझ्यासमोर होती.

मालकांनी पेढे वाटले. "तुमच्या हाताखालची ना ही?"

"मीच शिकवलं तिला," मी म्हणालो. ती शेजारीच उभी होती.

ती दुरुस्ती मी सर्व्हरवर टाकलीच नाही. कुणी विचारलं की "टेस्टिंग चालू आहे" म्हणायचो. तीन आठवड्यांनी भर दुपारी, परदेशी गिऱ्हाईक व्हिडिओ कॉलवर असताना, सर्व्हर बसला.

ती माझ्या टेबलापाशी आली. "सर, पॅच टाकलाच न्हाय व्हय?"

बहाणे तयार होते. तोंडातून मात्र निघालं, "नाही. तुझं नाव होतं त्यात."

तिनं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "टाका आता. लोक खोळंबलेत."

मी टाकला. संध्याकाळी मालकांना खरं काय ते सांगितलं, तिला शिकवल्याचं खोटं होतं तेही. त्यांनी सर्व्हर तिच्याकडे दिला. मन हलकं वगैरे काही झालं नाही, उलट जास्तच जळायला लागलं.

पुढं तिला आणखी एक चूक सापडली. कळवण्याआधी तिनं मसुदा माझ्यापुढं ठेवला. "तुमी एकदा वाचा, सर."

काहीतरी खोट निघावी म्हणून मी तो दोनदा वाचला. निघाली नाही.

"पाठव," मी म्हणालो.