आठवणीतलं माप

मुदखेडच्या खाजामियाँ टेलरनं चाळीस वर्षांत निम्म्या तालुक्याची मापं घेतली. स्वतःचं तेवढं राहून गेलं. पायमशीन चालवून गुडघे असे झिजले होते की नमाजानंतर उठताना मियाँच्या आधी तेच कुरकुरायचे. मुलगा वकार म्हणाला, अब्बा, दुकानाची किल्ली माझ्याकडं द्या आणि घरी आराम करा. मियाँनी शर्त घातली: किनवटपर्यंत गाडीनं जातो, तिथल्या स्टेशनापासून जंगलातून पैनगंगेपर्यंत पायी जाऊन पायी परत येतो. जमलं तर किल्ली माझी, न्हाई जमलं तर तुझी.

साक्षीदार म्हणून शेजारचे कापडवाले उमाशंकरशेठ निघाले. उपाशीपोटी साक्ष देता येत नाही म्हणून त्यांनी दशम्यांचं गाठोडं घेतलं. मियाँनी या मोहिमेसाठी नवी पँट शिवली होती. टेप मात्र लावली नव्हती. लग्नातल्या पँटीचं माप तोंडपाठ होतं, तेच घातलं.

चैत्राची सकाळ. सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती, पळस पेटला होता, मोहाच्या वासानं शेठना पुन्हा पुन्हा भूक लागत होती. पहिला कोस मियाँ नवरदेवासारखे चालले. दुसऱ्या कोसात गुडघे सुजले आणि पँट तिथं आवळली. नदीकडच्या उतरणीवर दगडांची रास लागली, तेव्हा पाय वाकायलाच तयार होईनात.

शेठ दगडावर टेकले. "खाजाभाई, नदी दिसायलीय. दिसली म्हंजी आली. मी सांगतो वकारला."

"शेठ, नुसतं बघून मी कधी कुणाचं माप घेतलं न्हाई."

शेठनी दशमी चावत त्यांच्या पँटीकडं पाहिलं. "मग हिचं कसं घेतलं?"

मियाँनी गुडघ्यावर आवळलेल्या शिवणीवरून बोट फिरवलं. गिऱ्हाइकानं असं आठवणीतलं माप सांगितलं असतं तर त्याला त्यांनी उभं करून पुन्हा मोजलं असतं. त्यांनी खिशातली कात्री काढली आणि दोन्ही पायांची शिवण मांडीपर्यंत उसवून टाकली. आतून गुडघे निघाले, चांगले नारळाएवढे. मग बसत, सरकत, एकेक दगड उतरत त्यांनी अर्ध्या तासात नदी गाठली आणि पाय पाण्यात सोडले.

फाटक्या पँटीत परतणं टेलरला शोभत नाही. कॉलरच्या आत सुईदोरा कायमचा खोवलेला होता. शेठचं चौकड्यांचं उपरणं मागून घेतलं, या खेपेला खिशातली टेप लावून गुडघा मोजला आणि उपरणं कापून दोन्ही बाजूंना तिकोनी कळ्या जोडल्या. उपरणं गेलं म्हणून शेठ स्टेशनपर्यंत कुरकुरले. मियाँ चारदा बसले, पण गाडीपर्यंत आपल्या पायांनी आले.

संध्याकाळी मुदखेडच्या फलाटावर वकारनं बापाच्या तोंडाआधी पँट पाहिली. शेवटी टेलरचाच मुलगा.

"माप चुकलं होतं, अब्बा?"

"हाव. मोजून नीट केलं."

किल्ली त्यांच्याच खिशात राहिली. मात्र दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या त्यांनी वकारला मशीनला मोटर बसवायला सांगितलं. मोटर बसली. पाय अजूनही सवयीनं खाली हलत राहतात, आणि शेजारून उमाशंकरशेठ विचारतात, "खाजाभाई, नदी आली का?"