आडातली एकोणीस लेकरं

रत्नम्मा हविनाळेनं उभ्या आयुष्यात एकच बेडूक कापला, आणि त्याच्या नावानं तीन दिवस उपास केला. एकाहत्तर सालची गोष्ट. मुंग्यांनासुद्धा साखर घालणाऱ्या लिंगायत घरातली ही पोर, गळ्यात इष्टलिंग, आणि सोलापूरच्या कॉलेजात विषय घेऊन बसलेली कुठला, तर प्राणिशास्त्र! आता काय म्हणावं? प्रयोगशाळेतला शिपाई मडिवाळप्पा तर पोट धरून हसला. म्हणाला, "बाई, इतिहास घ्या की! त्यातली समदी आदीच मेलेली असत्यात."

पण विषय सोडायचा कसा? मोहरीएवढ्या अंड्यातून डोळे, हात, पाय उगवतात तरी कुठून, ही भानगड तिला स्वस्थ बसू देत नव्हती. सर म्हणायचे, कापायचं नसेल तर शिकायचं कसं? ती रडायची, डोळे पुसायची आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्या बाकावर हजर.

मग एके दिवशी सरांनी तळ्यातलं पाणी आणलं. त्यात शेवाळाला चिकटलेला, दोऱ्याच्या तुकड्याएवढा एक जीव. डोक्याला पाचसहा बारीक हात. हायड्रा त्याचं नाव. सरांनी ब्लेड घेतलं आणि त्याचे मधोमध दोन तुकडे केले. रत्नम्मानं डोळे गच्च मिटले. चौथ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते तो काय! खालच्या तुकड्याला नवं तोंड फुटलेलं, वरच्याला नवं बूड. एकाचे दोन झालेले, आणि दोघेही मजेत हात हलवतायत.

"सर, कापलं तरी मरत न्हाई हो हे!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारचा तास थांबला. तिचं त्या दिवशीच हायड्राशी लग्न ठरलं म्हणा ना. पुढं एम.एस्सी. झाली, त्याच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागली, तरी डोक्यात एकच. ह्याच्या अंगातल्या पेशी हव्या त्या जागी हवं ते होतात. मग त्यांना कसं कळतं, आता आपण हात व्हायचं की बूड?

अडचण एकच होती, सोलापूरचं ऊन. एप्रिल लागला की प्रयोगशाळेतलं पाणी चहा टाकण्याजोगं व्हायचं आणि हायड्रा पटापटा मरायचे. दोन उन्हाळे असेच गेले. तिसऱ्या वर्षी संक्रांत सरताच तिच्या आईनं, गुरम्मानं तोंड उघडलं. "दूद नासू नये म्हनून आपन आडात सोडतो का न्हाई? मग तुजी ती लेकरंबी सोड की."

मागच्या अंगणातल्या आडात लोणच्याची काचेची बरणी दोरीनं खाली गेली, आणि हायड्रा जगले. नुसते जगले नाहीत, वाढले. बरणीची सगळी देखभाल हळूहळू गुरम्मानंच हातात घेतली. सकाळी पूजा आटोपली की बरणी वर ओढायची, लेकीचं भिंग डोळ्याला लावायचं आणि मोजायचं. "आज सतरा हैत. एकाच्या कडंला पोर फुटलंय." गुरांच्या डोणीतल्या पाण्यातले पिसवांएवढे किडे गाळून ती त्यांना चारायची सुद्धा. किडा मारण्याचं पाप कुणाला, असं रत्नम्मानं एकदा विचारलं. गुरम्मा म्हणाली, "खानाऱ्याला. मी नुसती वाडपी."

रत्नम्मानं ही हकिकत पुण्याच्या डॉ. उकिडव्यांना लिहून कळवली. ह्याच विषयातला मोठा माणूस. त्यांचं उत्तर आठ दिवसांत आलं. आमच्याकडे तीन वर्षं झाली, महिन्याभरात सगळे हायड्रा मरतात. सोलापुरात एप्रिलमध्ये जगतात यावर माझा विश्वास नाही. येऊन बघतो. खरं निघालं तर पीएच.डी.ची जागा तुमची.

वडील शिवलिंगप्पा भुसार मालाचे व्यापारी, बोलणं रोखठोक. पत्र दोनदा वाचून म्हणाले, "खरं निगालं तर जा पुन्याला. न्हाई निगालं तर अक्कलकोटचं स्थळ बगायचं. तेलाची गिरनी हाय त्यांची." झालं! रत्नम्माचं सगळं नशीब त्या बरणीत जाऊन बसलं.

डॉक्टर यायच्या दिवशी ती सकाळीच स्टेशनवर गेली. गाडी नेहमीप्रमाणं लेट, येता येता दुपारचे तीन वाजले. इकडं गुरम्माचा जीव थाऱ्यावर नाही. पुण्याहून एवढा मोठा माणूस येणार आणि लेकरं काय लोणच्याच्या बरणीत दाखवायची? छे! शोभतं का ते? तिनं पूजेचं तांब्याचं घंगाळ काढलं, चिंच लावून लावून असं घासलं की त्यात तोंड दिसावं. त्यात एकोणीसच्या एकोणीस हायड्रा अलगद ओतले. तांब्याइतकं पवित्र भांडं दुसरं कुठलं? मग घंगाळ सोप्यावर सावलीत ठेवून, भिंग घेऊन ती अंड्यांवरच्या पाखरासारखी त्यांच्यापाशी बसून राहिली.

डॉक्टर आले, हातपाय धुतले आणि घंगाळावर वाकले. भिंग लावून तळ सगळा धुंडाळला. मग म्हणाले, "यात तर काहीच नाही."

रत्नम्मानं भिंग ओढून घेतलं. तळाला पांढरट चोथा होता, दुसरं काही नाही. "अव्वा, हे काय केलंस गं!" एवढंच तिच्या तोंडून निघालं आणि ती तिथंच खांबाला टेकून रडायला लागली. शिवलिंगप्पांनी मान खाली घातली. ते लेकीला कितीही बोलोत, तिचं रडणं त्यांना बघवत नसे.

गुरम्मा मात्र बोलत सुटली. अपराध्यासारखी, हात जोडून. "मी बगत हुते हो साहेब, डोळा हलवला न्हाई. घंगाळात ओतली आन् दिवा लावाय येळ लागतो तेवढ्यात त्येनी हात आकडून घेतले. मला वाटलं, नवी जागा, लाजत्यात. मग साबुदान्यागत गोल झाली. मग हाताच्या टोकापासनं विरगळाय लागली, हात आदी, बूड शेवटाला. परत बरनीत घालावं म्हनलं तवर चोथा, आन् सांगायचा धीर हुईना. बरनीत असं कदी झालं न्हाई, चार म्हैने. पानी त्येच, आडाचंच. भांडं तेवढं बदललं."

डॉक्टर एकदम ताठ झाले. "काय म्हणालात? टोकापासून? बूड शेवटी?"

"व्हय."

त्यांनी खिशातून वही काढली. "पुन्हा सांगा. सावकाश. आणि तुमचं नाव सांगा पूर्ण."

"नाव कशाला लिवताय?" गुरम्मा घाबरली. "चुकून झालं हो! मुद्दाम कोन करंल?"

"अहो बाई," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला होता, पण रागानं नव्हे, "आमचेही असेच मरतात! अगदी असेच, हाताच्या टोकापासून! तीन वर्षं आम्ही चौघंजण खाणं बदलतोय, उजेड बदलतोय, प्राणी बदलतोय. पाण्याकडं कुणी बघितलंच नाही, कारण ते खास यंत्रातून वाफ करून गाळलेलं, शुद्धातलं शुद्ध. आणि त्या यंत्राची नळी आहे तांब्याची!" मग ते हसायला लागले. असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

रत्नम्मा रडायची थांबली. तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "सर, मग एक काम करू. आडाचं पाणी अर्धं काचेत, अर्धं ह्या घंगाळात. कॉलेजजवळच्या तळ्यात हायड्रा मिळतील, मी आत्ता जाऊन आणते. सकाळपर्यंत कळेल, नक्की तांबंच का ते."

डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं. रडून सुजलेले डोळे, आणि पायात चपला सरकवायलाही लागलेली. ते शिवलिंगप्पांकडं वळून म्हणाले, "प्राणी काय, तळ्यात मिळतात. मुलगी जूनमध्ये पुण्याला पाठवा."

शिवलिंगप्पांनी बायकोकडं बघितलं. गुरम्मानं पदरानं तोंड पुसलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि पुण्याच्या त्या मोठ्या माणसाला ठणकावून सांगितलं:

"पाटवती. पर आदी ती नळी बदला."