चाकाची शेगडी आणि आत्याबाईंची माळ

माझा धाकटा दीर पुण्याहून गाडीच्या डिकीत ती वस्तू घेऊन आला, तेव्हाच माझं डोकं फिरलं. बार्बेक्यू म्हणे. चार पाय, दोन चाकं, वर झाकण, मधे लोखंडाची जाळी. आमच्याकडे सगळे तिला चाकाची शेगडी म्हणतात. उंद्रीजवळ (पुण्याची नव्हे, इकडची उंद्री) आमचं घर शेतातच, अंगण ऐसपैस, म्हणून ती इथेच ठेवायची असं त्यानं ठरवलं. घासायची कोणी, हे कोणाला ठरवावंच लागलं नाही.

दर सुट्टीत तो यायचा, दोस्त जमवायचा, चिकन भाजायचा, फोटो काढायचा. हात पुसले की स्वारी खाटेवर. सकाळी मी बघते तर जाळीवर चरबी थिजलेली, मसाला जळून चिकटलेला, राखेत हाडं, आणि कुत्र्यांनी अंगणभर घातलेला धिंगाणा. वरून साहेबांची शिकवणी, "वहिनी, साबण लावू नका. जाळी गरम असतानाच तारेच्या ब्रशनं खरडायची, मग तेलाचा हात फिरवायचा. नाहीतर गंज चढतो." अरे बाबा, एवढं कळतं तर कर ना! गरम असते तेव्हा तू खात असतोस, गार झाली की माझ्या गळ्यात. एकदा यानंच झाकण उघडं टाकलं, पावसात राखेचा चिखल झाला आणि खालचा पत्रा सडला. त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर.

आत्याबाई, म्हणजे माझी सासू, माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंड्याचं टरफलसुद्धा चालत नाही. मी जळगाव जामोदकडची, माहेरी मटण मिटक्या मारत खाल्लेली. इथे मटण शिजायचं ते गोठ्यामागे, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात. नवी होते तेव्हा एकदा घाईत मी त्याच चुलीवर घरचा तवा ठेवून भाकरी केल्या. आत्याबाईंनी सगळ्या भाकरी ढोरांना घातल्या, तवा माझ्याकडून राखेनं घासून घेतला आणि दिवसभर उपाशी बसल्या. "माही माळ बाटवतं काय वं?" हे शेजारणींसमोर. मी रडले. मग मीच मटण सोडलं. वेगळी भांडी आणि रोजचे टोमणे कोण सांभाळणार? पण जीभ काही विसरत नाही. वशाटाचा वास आला की आजही तोंडाला पाणी सुटतं. ते पाणी मी या माळेसाठी इतकी वर्षं गिळलं.

या हिवाळ्यात दीर आला. संध्याकाळी चिकन झालं. मी त्याला तोंडावर सांगितलं, "भाऊजी, आता मी जाळी घासणार नाही." तो हसला. सकाळी उठून त्याच जाळीखाली कोळसे पेटवले आणि वर वांगी ठेवली. आईला आज लेकाच्या हातचं भरीत! मी म्हटलं, जाळी तशीच आहे. तर म्हणे, "आगीत सगळं जळून जातं वहिनी."

भरीत झालं. आत्याबाई ताटावर बसल्या. मला राहवलं नाही. दिराशी माझं वाकडं असेल, पण त्यांची माळ कोणी फसवून बाटवावी, हे मला कसं चालेल? मी पुढे झाले. "आत्याबाई, थांबा. त्या जाळीवर काल कोंबडी भाजली. कोणी घासली नाही थे."

"काऊन वहिनी, सांगायलेच पाह्यजे होतं काय?" दिराचा चेहरा उतरला.

आत्याबाईंनी ताटाकडे पाहिलं, मग लेकाकडे. आता ताट सरकवतील म्हणून मी पाणी द्यायला वाकले. त्यांनी गळ्यातली माळ पदराखाली सारली आणि म्हणाल्या, "जाळानं सारं शुद्ध होते वं. लेकरानं एवढ्या हौसेनं केलं." आणि खाल्लं की! वर आणखी मागून घेतलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी ताटं उचलायला लागले. पण हात धुता धुता त्यांनी हुकूम सोडला, "थे जाळी घासून टाक वं, गंज चढीन."

"जाळानं शुद्ध होते ना आत्याबाई? मंग घासाची कायले?"

दीर उठून गाडी पुसायला गेला. एरवी त्या गाडीला कधी फडकं लागत नाही.

मी नवऱ्याला सगळ्यांसमोर सांगितलं, बाजारातून मटण घेऊन या. त्यानं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवी घेऊन निघाला. संध्याकाळी मी ते घरातल्या गॅसवर, रोजच्या पातेल्यात शिजवलं आणि ओट्याशी उभी राहूनच पहिला तुकडा तोंडात टाकला. आत्याबाई दारात उभ्या होत्या. बोलणार कोणत्या तोंडानं?